पाकिटावरचा आकडा

मिक्सर घेताना आपण वॅट विचारतो. साडी घेताना पदर पूर्ण उलगडायला लावतो, दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी चालेल! सोनाराकडे काटा शून्यावर आहे ना, हे मान वाकवून बघतो. आणि चाळीस-पन्नास हजारांचा कॉम्प्युटर घरात येतो, तेव्हा मात्र 'त्यातलं मला काही कळत नाही बाई' म्हणत चहा टाकायला आत जातो. हे मला अलीकडे फार खटकायला लागलंय. कारण मैत्रिणींनो, त्या डब्यात एक वस्तू अशी असते, जिचे पैसे आपण जास्त वेगाचे मोजतो आणि ती आपल्या घरात वर्षानुवर्षं कमी वेगानं चालते. ती बिघडलेली नसते. कुणी बदललेलीही नसते. फक्त एक सेटिंग चालू करायचं राहून गेलेलं असतं.

ती वस्तू म्हणजे रॅम. कॉम्प्युटरची कामापुरती स्मरणशक्ती. हार्डडिस्क ही कोठीची खोली समजा, तर रॅम म्हणजे ओटा. ओटा केवढा, हे 'जीबी' सांगतात आणि ते आता बहुतेकींना माहीत असतं. 'सोळा जीबी आहे आमच्याकडे' असं आपण सांगतोही. पण पाकिटावर दुसरा एक आकडा असतो. ३२००, ३६००, ६००० असा. तो वेगाचा. आणि घोळ सगळा त्या आकड्यात आहे.

हवं तर आत्ताच बघा. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी, आणि खाली स्पीड. आता तो आकडा आणि बिलावरचा किंवा पाकिटावरचा आकडा शेजारी ठेवा. डीडीआर-५ जातीची ६००० ची रॅम असेल आणि स्पीडसमोर ४८०० दिसत असेल, तर समजा, सहा मीटर कापडाचे पैसे देऊन तुम्ही चार मीटर ऐंशी सेंटिमीटर घरी आणलंत. जुन्या डीडीआर-४ मध्ये तर ३२०० ची रॅम २१३३ वर चाललेली सापडते. म्हणजे तीन भागांतला एक भाग गायब.

हे असं का, हे समजायला आमच्या भवानी पेठेत फार लांब जावं लागत नाही. इथं यंत्रमागाचा खडखडाट ऐकतच मुलं मोठी होतात. माग पळवायचा असेल तर मोटरची पुली बदलली की झालं, हे इथल्या कुठल्याही जॉबरला विचारा. पण माग पळाला म्हणून कापड जास्त निघतंच असं नाही. सूत कच्चं असेल तर धागा तुटतो, माग थांबतो, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. म्हणून कारखानदार आधी बेताच्या वेगावर माग चालवून बघतो आणि सूत झेपेल तसा वाढवतो. रॅमचंही नेमकं तसंच आहे.

रॅमच्या पट्टीवर एक बारीकशी चिप असते. तिच्यात त्या पट्टीची जन्मपत्रिका लिहिलेली असते. किती वेग, किती व्होल्टेज, कुठल्या कामाला किती उसंत. या पत्रिकेत एक नोंद असते जेडेक नावाच्या संस्थेनं ठरवलेल्या वेगाची. मेमरीचे नियम जगभरासाठी हीच संस्था ठरवते. हा वेग सावध वेग. कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू होतो तेव्हा तो मुकाट्यानं ही सावध नोंद वाचतो आणि त्या वेगानं चालू लागतो. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग मात्र दुसऱ्या नोंदीत असतो. तिला इंटेलच्या भाषेत एक्सएमपी म्हणतात, ही सोय इंटेलनं २००७ मध्ये आणली. एएमडीनं २०२२ मध्ये आपली वेगळी काढली, तिचं नाव एक्सपो. ही दुसरी नोंद आपणहून कुणी वाचत नाही. आत जाऊन 'हिच्याप्रमाणे चाल' असं सांगावं लागतं.

आणि इथंच खरी गंमत आहे. (गंमत कसली, माझ्या मते लबाडीच.) रॅमची कंपनी पाकिटावर ६००० छापते, त्या आकड्याच्या जोरावर पैसे घेते. पण प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांच्या लेखी हा वेग म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे नेमून दिलेल्या मर्यादेच्या बाहेर यंत्र पळवणं. इंटेल काय आणि एएमडी काय, दोघंही बारीक अक्षरात बजावून ठेवतात की असं केल्यानं आमच्या वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो. म्हणजे एक म्हणतो, 'पळवा, मी लिहून दिलंय.' दुसरा म्हणतो, 'पळवा, पण तुमच्या जबाबदारीवर.' मधे गिऱ्हाईक! रॅमवाल्यानं पट्टी तपासलेली असते हे खरं. पण ती पट्टी तुमच्या घरी ज्या प्रोसेसरशी आणि ज्या मदरबोर्डशी संसार करणार आहे, ते दोघं त्याच्या हातात नसतात. पाकिटावरचा आकडा हा तिघांनी मिळून पाळायचा शब्द आहे आणि सही मात्र एकाचीच आहे.

अमेरिकेत या प्रश्नावर लोक कोर्टात गेले. कोर्सेअर या मोठ्या कंपनीवर दावा लागला की पाकिटावर जो वेग लिहिता तो बायोसमध्ये जाऊन सेटिंग बदलल्याशिवाय मिळत नाही आणि हे तुम्ही गिऱ्हाइकाला नीट सांगत नाही. २०२५ मध्ये कंपनीनं चूक कबूल न करता ५५ लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला. पैसे अर्थात तिथल्या गिऱ्हाइकांना. सोलापुरात त्याच पट्ट्या विकत घेणाऱ्यांना त्यातला छदामही नाही. पण निदान एक गोष्ट त्यातून पुढे आली की ही तक्रार म्हणजे चार हौशी पोरांची कटकट नाही.

'आम्हाला काय गेम खेळायचेत का?' असं तुम्ही म्हणाल. प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवं. पत्र टाईप करायचं, वीजबिल भरायचं, मुलाचा ऑनलाइन क्लास बघायचा, एवढंच काम असेल तर ४८०० काय आणि ६००० काय, तुम्हाला फरक जाणवणारही नाही. रॅमचा वेग पाचवा हिस्सा कमी म्हणून सगळं काम तेवढ्यानं रखडतं, असं मुळीच नाही. अशा घरानं महागडी वेगवान रॅम घ्यावीच कशाला? साधी घ्यावी आणि वाचलेल्या पैशात चांगला यूपीएस घ्यावा. पण ज्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरलं जातं, तिथं चित्रांचं सगळं काम याच रॅमवर होतं. तिथं वेग कमी म्हणजे चित्र सरकताना अडखळणार. आणि आपल्याकडे घरात नि छोट्या धंद्यात बहुतेक मशीन याच प्रकारची असतात, कारण ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवायचे असतात. म्हणजे ज्यानं काटकसर केली, त्यालाच या न दाबलेल्या बटणाचा फटका जास्त.

आमच्याच पेठेतली एक सून आहे. घरचे चार माग. सासूबाई कांड्या भरतात, ही कॉम्प्युटरवर जेकार्डची डिझाइन करते, घरच्या टॉवेलसाठी आणि बाहेरच्यांनाही. एका डिझाइनमागे पैसे मिळतात. जुन्या मशीनवर मोठं डिझाइन उघडलं की चहा होऊन यायचा, म्हणून भिशीच्या पैशातून तिनं नवीन मशीन दुकानातून जुळवून घेतलं. हौसेनं ३६०० ची रॅम घेतली, दोन पट्ट्या. घरी आल्यावर धाकट्या दिरानं बघितलं तर स्पीड २६६६. ती दुकानात गेली. उत्तर काय मिळालं असेल? 'तेवढंच दाखवतंय ते वहिनी. आणि तुम्ही कशाला त्रास घेता, मिस्टरांना पाठवा की.'

मिस्टरांना! पैसे हिचे, मशीन हिचं, काम हिचं. मिस्टरांनी त्या मशीनला कधी हातही लावलेला नाही. पण सेटिंग हा शब्द आला की समोरच्या माणसाची नजर आपल्या खांद्यावरून मागे जाते, मागे कोण पुरुष उभा आहे ते बघायला. गॅस एजन्सीपासून बँकेपर्यंत हा अनुभव कुणाला नाही? ती मात्र हटली नाही. दुसऱ्या दिवशी दिराच्या मदतीनं सगळं वाचून पुन्हा गेली आणि तिथंच उभं राहून प्रोफाइल चालू करायला लावलं. तेव्हा दुसरी गोष्ट उघड झाली. त्या मशीनमध्ये बसवलेला मदरबोर्ड स्वस्तातल्या जातीचा, एच-६१० चिपसेटचा. या चिपसेटवर इंटेलनं रॅम मर्यादेबाहेर पळवायची सोयच ठेवलेली नाही. डीडीआर-४ असेल तर ३२०० ही तिथली हद्द. म्हणजे ३६०० ची रॅम तिथं कधीच ३६०० नं चालणार नव्हती. ३२०० वर आली, कामही जरा सुधारलं. पण ३६०० साठी मोजलेले जादा पैसे गेले ते गेलेच. बोर्ड निवडताना आणि रॅम निवडताना दुकानातला माणूस तोच होता ना? मग एकाला दुसरं झेपत नाही, हे सांगणं त्याचं काम नव्हतं का? मला विचाराल तर रॅमच्या कंपनीपेक्षा हा दोष मोठा.

बरं, ते बटण दाबायचं कसं, तेही सांगते, कारण यात बिचकण्यासारखं फार काही नाही. मशीन चालू होतानाच डिलीट किंवा एफ-२ हे बटण टिचकीसारखं दाबत राहायचं. विंडोज यायच्या आधीचा एक वेगळा पडदा उघडतो, त्याला बायोस म्हणतात. तिथं एक्सएमपी किंवा एक्सपो असं लिहिलेलं शोधायचं. काही कंपन्यांनी एएमडीच्या बोर्डांवर डीओसीपी असं तिसरंच नाव ठेवलंय, बारशाची हौस दुसरं काय! तिथं 'प्रोफाइल १' निवडायचं आणि एफ-१० दाबून जतन करून बाहेर पडायचं. इतकंच.

त्यानंतरचा वेळ मात्र धीराचा. डीडीआर-५ असेल तर पडदा काळाच राहतो. मिनिट जातं, दोन जातात, कधी त्याहून जास्त. आपला जीव खालीवर! पण मशीन बंद पडलेलं नसतं. नव्या वेगाला कुठलं सिग्नल कधी पोचतं, हे ते स्वतः जुळवून घेत असतं. नवीन मागावर पहिल्यांदा ताणा चढवताना वेळ लागतो, तसाच. या वेळात बटण दाबून बंद करू नका. आणि आपल्याकडच्या विजेचा लपंडाव लक्षात घेऊन हे काम यूपीएसवर असतानाच करा. दोन-तीनदा प्रयत्न करून जमलं नाही तर बहुतेक मशीन आपणहून सावध वेगावर परत येतात. अगदीच अडून बसलं तर प्लग काढून, बोर्डावरचा नाण्याएवढा गोल सेल थोडा वेळ काढून पुन्हा बसवला की सगळी सेटिंगं मूळ पदावर येतात. त्या सेलचं अजून एक आहे. काही वर्षांनी तो संपला की मशीन सेटिंग विसरतं आणि रॅम गुपचूप पुन्हा हळू चालायला लागते. घड्याळ चुकायला लागलं की तोही आकडा एकदा बघून घ्यावा.

आणि हो, सीपीयू-झेड नावाचा प्रोग्राम टाकून बघितलात आणि ६००० च्या जागी ३००० दिसलं, तर लगेच भांडायला जाऊ नका! ही रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती देते. तो प्रोग्राम ठोके मोजतो, पाकिटावर फेऱ्या छापलेल्या असतात. ३००० ठोके म्हणजे ६००० फेऱ्या. तिथं फसवणूक नाही.

वेग आला म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत आणि पोरांना ऐकायची नसते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढतं. डीडीआर-४ ला साधं १.२ व्होल्ट लागतं, प्रोफाइल चालू केलं की साधारण १.३५. डीडीआर-५ ला १.१ च्या जागी १.२५, १.३५ असं काहीतरी. त्याची ऊब आली. नवीन वेग तुमच्या मशीनला झेपत नसेल तर नेहमी धडाधड बंदच पडेल असंही नाही. कधी कधी ते चालत राहतं आणि मधेच एखादा ठिपका चुकतो. एखादा फोटो अर्धा राखाडी होतो, एखादी फाइल उघडत नाही. जेकार्डच्या पुठ्ठ्यात एक भोक चुकीचं पडलं तर काय होतं, हे पेठेतल्या बायकांना मी सांगायला नको. डिझाइन जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा चूक उमटत जाते आणि लक्षात येईपर्यंत कापड विणून झालेलं असतं. डिझाइनच्या फाइलमध्ये एक ठिपका चुकला तरी हाच प्रकार. ज्या मशीनवर कुणाची तरी ऑर्डर आहे, तिथं वेग नंतर, अचूकपणा आधी.

म्हणून वेग वाढवला की तपासणी करायचीच. मेमटेस्ट-८६ नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, पेनड्राइव्हवर घालून रात्री लावून ठेवायचा. सकाळी एकही चूक दिसता कामा नये. एक जरी दिसली तर वेग एक पायरी खाली, ६००० चा ५६००, आणि पुन्हा तपासणी. त्यात कमीपणा कसला? मागाचाही वेग आपण असाच उतरवतो. बायोसची नवीन आवृत्ती घातल्यावरही पुष्कळदा अडलेलं काम सुटतं, पण ते जाणत्याकडून करून घ्यावं.

आणि ही तपासणी जानेवारीत केली असेल तर एप्रिल-मेमध्ये पुन्हा करा. आपल्या सोलापूरचा उन्हाळा! पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. रॅम तापली की तिची पकड सैल होते. थंडीत सुरळीत चाललेलं मशीन दुपारी तीनला अडखळायला लागलं तर व्हायरसच्या नावानं बोटं मोडण्याआधी डब्याची जाळी साफ करा. मागाच्या शेडजवळ घर असेल तर कापसाची जी फुसकी घरभर उडते, ती पंख्यात जाऊन बसलेली असते.

अजून एक मोह असतो, तो म्हणजे भर घालण्याचा. दोन पट्ट्या आहेत, अजून दोन घालू, चार झाल्या की चौपट पळेल! उलटं होतं. चार पट्ट्या सांभाळणं प्रोसेसरला जड जातं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत कंपनीनंच लिहून दिलंय की दोन पट्ट्या असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. म्हणून हवी तेवढी रॅम पहिल्यांदाच दोन पट्ट्यांच्या एका जोडीत घ्यावी. एकच मोठी पट्टीही नको, कारण दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी काम चालतं आणि तो फायदा पाकिटावरच्या आकड्यापेक्षाही मोठा असतो. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. लॅपटॉपवाल्यांना मात्र यातलं फारसं काही लागू नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये हे प्रोफाइल चालू करायची सोयच नसते, तेव्हा तिथं जादा वेगाच्या पट्टीला जादा पैसे देऊच नका.

२०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती कशा भडकल्या ते ज्यांनी त्या काळात खरेदी केली त्यांना ठाऊक आहे. जगातल्या मोठ्या कंपन्यांच्या एआयच्या कामाला मेमरी लागली आणि आपल्या पट्ट्या महागल्या. अशा वेळी शंभर रुपये देऊन ऐंशीचा माल वापरायचा, हे परवडणारं नाही. आमच्या पेठेत विड्या वळणाऱ्या बायका आहेत. हजार विड्या द्यायच्या तर एक-एक विडी बघून घेतली जाते, खराब वाटली की बाजूला काढली जाते आणि तिचे पैसे मिळत नाहीत. आपल्याकडून घेताना जग इतकं काटेकोर आहे. आपल्याला देताना पाकिटावर बघायचं आणि गप्प बसायचं, असं का?

माझं म्हणणं साधं आहे. पाकिटावर दोन्ही आकडे सारख्याच टायपात छापले पाहिजेत. न विचारता मिळणारा वेग हा, आणि सेटिंग केल्यावर, बोर्ड-प्रोसेसरला झेपला तर मिळणारा वेग हा. आणि जे दुकान सुटे भाग जुळवून मशीन देतं, त्यानं ते प्रोफाइल चालू करून, तपासून, दाखवूनच द्यायला हवं. जुळवणीचे पैसे कशाचे घेता मग? तोवर आपण एवढं करू शकतो. बिलावर रॅमची कंपनी, जीबी, वेग आणि मदरबोर्डचं पूर्ण नाव लिहून घ्यायचं. नुसतं 'सोळा जीबी रॅम' चालणार नाही. पैसे द्यायच्या आधी मशीन तिथंच चालू करायला सांगायचं, टास्क मॅनेजर उघडायचा आणि स्पीडचा आकडा फोनमध्ये टिपून घ्यायचा. तिथं टाळाटाळ झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तरतूद आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आपल्या सोलापुरातही आहे. आणि कुणी 'मिस्टरांना पाठवा' म्हणालं, तर खुर्ची ओढून तिथंच बसायचं.